चाऊसबाईंची तबकडी

चाऊसबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या शाळेच्या घंटेशी भांडत होत्या. तसं भांडण सखाराम शिपायाशी चाललं होतं, पण मुद्दा घंटेचा होता. घंटेला तडा गेलाय, तिचा सूर उतरलाय आणि तो कानात घेऊन मुली प्रार्थनेला उभ्या राहिल्या की सगळी प्रार्थना पडते, असं त्यांचं म्हणणं. सखाराम म्हणाला, "बाई, घंटा वाजल्याशी मतलब. तिला काय गायाचं हाय का?" बाई म्हणाल्या, "तिला न्हाई रे बाबा, मला हाय ना!" आणि दोघंही हसली. घंटा काही बदलली नाही. बाई मात्र रोज ती वाजताना कानावर हात ठेवून उभ्या राहत.

नगरच्या त्या मुलींच्या शाळेत मी नव्यानेच मराठी शिकवायला लागले होते. मी कर्जतकडची, तोंडाने फटकळ. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. संगीताच्या बाईंची आणि माझी गट्टी जमण्याचं तसं काही कारण नव्हतं. पण शिक्षकखोलीत आमच्या खुर्च्या शेजारी होत्या, आणि मुख्याध्यापिकाबाईंची नक्कल आम्हां दोघींनाही बरी जमायची. माणसं याहून थोर कारणांनी जवळ येतात असं मला वाटत नाही.

त्यांचं नाव मरियम. वडील चाऊस, म्हणजे कधीकाळी निजामाच्या फौजेत चाकरीला आलेल्या अरबांच्या वंशातले. ते नगरला खजिन्यावर पहारेकरी होते. आई गोव्याची, सासष्टीची ख्रिस्ती, मिशनच्या दवाखान्यात नर्स. "बापाचा टायफॉइड आणि आईचा थर्मामीटर, यांतून मी झाले," असं बाई कुणालाही बेधडक सांगत. लग्न झाल्यावर दोन्ही घरांनी दारं लावून घेतली. आई घरात 'ओशाला' म्हणायची आणि वडील 'इन्शाल्ला' म्हणायचे. लहानपणी बाईंना वाटायचं की आई बोबडं बोलते. पुढे कळलं की शेकडो वर्षांपूर्वी अरबांकडूनच तो शब्द पोर्तुगालात गेला होता आणि तिथून बोटीत बसून गोव्याला आला होता. "आणि नगरला येऊन बापाच्या शब्दाशी लग्न लावून बसला," बाई म्हणायच्या.

एकदा शाळातपासनीस आले. नोकरीचं पुस्तक चाळत त्यांनी विचारलं, "मातृभाषा?" बाई म्हणाल्या, "आईची, की वडिलांची, की दोघं घरात बोलायची ती?" साहेब म्हणाले, "रकाना एकच आहे." बाई म्हणाल्या, "मग मराठी लिहा. ती दोघांचीही नव्हती, पण भांडणं तिच्यातच व्हायची." साहेबांनी निमूट मराठी लिहिलं.

ईदला आमच्यासाठी शीरखुर्म्याचा डबा येई आणि नाताळला नेवऱ्यांचा, म्हणजे गोव्याकडच्या करंज्यांचा. कुणी खोचक विचारलंच की बाई, तुम्ही नेमक्या कोण, तर त्या खडीसाखर दाढेत धरून म्हणत, "गळ्याला धर्म नसतो गो, पडसं असतं." मुलींना चिंचा खाताना पकडलं की त्यांचा अवतार बघवत नसे. एखादं स्वागतगीत मुली ओढत-ओढत म्हणायला लागल्या की पेटीवर थाप मारून ओरडत, "हे गाणं मेलंय! चार जणी या आणि उचला!" मुली हसत, आणि पुढच्या खेपेला गाणं खरंच उठून बसे.

पण त्यांची खरी गाणी शाळेत नव्हतीच. आईनं मागं ठेवलेल्या गिटारीवर त्या पोर्तुगालच्या खेड्यापाड्यांतली गाणी म्हणत. जाळी ओढायची, बाळ झोपवायची, जैतुनं म्हणजे ऑलिव्हची फळं वेचायची गाणी. आईच्या आजीपासून त्या घरात आलेली. एका मधल्या तासाला शिक्षकखोलीत आम्ही दोघीच होतो. बाईंनी टेबलावर बोटांनी एक ठेका धरला, लंगडत चालणारा, आणि त्यावर आईचं जैतुनांचं गाणं म्हणायला लागल्या. गाणं त्या ठेक्यावर असं चपखल बसलं की मीसुद्धा वह्या तपासायची थांबले.

"हा ठेका कुणाचा?" मी विचारलं.

"फुफीचा. माझ्या आत्याचा. लग्नात दफेवर वाजवते." दफ म्हणजे आपल्या शाहिरांच्या डफाची बहीण, हेही त्यांनीच सांगितलं. "कमल, बघ ना गो. माझ्या बापाच्या आणि आईच्या घरांनी एकमेकांचं तोंड नाही पाहिलं. आणि ही गाणी बघ. आधीची ओळख असल्यासारखी बसलीत."

त्यांचे डोळे भरून आले होते. मी काहीतरी चावट बोलले असणार, कारण रडणाऱ्या माणसासमोर मला तेवढंच जमतं.

ही फुफी, खातूनबी तिचं नाव, शाळेमागच्याच गल्लीत राहायची. दोन्ही घरांनी दारं लावली तेव्हा एवढं एकच दार उघडं राहिलं होतं. आईवडील गेल्यावर बाईंना तेवढंच माहेर उरलं होतं. चाऊसांच्या लग्नात बायकांच्या खोलीत दफेवर म्हणायची अरबी गाणी आता एकट्या फुफीलाच येत होती. शब्द इतके झिजलेले की अर्थ तिलाही सगळा सांगता येत नसे. क्रम मात्र पक्का. हळदीचं, मेंदीचं, वेणीचं, असं करत शेवटचं नवरी निघतानाचं. बाईंना तिनं एकेक करून सगळी दिली होती. शेवटचं तेवढं राहिलं होतं. ते ती सहजासहजी कुणाला देत नसे. येत्या ईदनंतर देते, असं म्हणाली होती. आणि शिकवताना पहिल्याच दिवशी तिनं एक अट घातली होती: "ये गाने बाहर नक्को बेटी. मर्दों के कान पे नक्को." त्या खोलीतून आठ वर्षांच्या वरच्या पोरालासुद्धा बाहेर घालवतात.

ही अट मला तेव्हा ठाऊक नव्हती. ठाऊक असती तर, असं मी पुढे शंभर वेळा म्हटलं आहे.

त्या नाताळात मुंबईहून मिनेझिस नावाचे गृहस्थ आले. बाईंच्या आईकडून कसलेसे लांबचे नातलग, सिनेमाच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवणारे आणि एका छोट्या रेकॉर्ड कंपनीत ऊठबस असलेले. त्यांनी बाईंना ऐकलं आणि हट्टच धरला: आईची गाणी दफेवर, वडील गुणगुणायचे ती अरब खलाशांची गाणी गिटारीवर, अशी दहा गाणी, एक मोठी तबकडी. बाई पंधरा दिवस हवेत होत्या. चाळिशीतल्या बाईला इतकं आनंदात मी तोवर पाहिलं नव्हतं. वर्गात नुसत्या शिरल्या तरी मुली गायला लागत.

मग रजा काढून त्या मुंबईला जाऊन आल्या. गेल्या तेव्हा पिशवीत एक टेपही होती. मिशनच्या फादरांकडून टेपरेकॉर्डर मागून आणून त्यांनी फुफीचं गाणं भरून घेतलं होतं. "तुझं माझ्यापाशी असावं म्हणून," असं फुफीला सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं.

पुढे उन्हाळ्याच्या तोंडाशी तबकडी आली. निळं पाकीट, त्यावर बाईंचं नाव, आणि खाली 'दोन अंगणं'. शाळेच्या ग्रामोफोनवर आम्ही ती लावली. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "छान आहे हो, पण एखादं भजन हवं होतं." चौथं गाणं लागलं. आधी दफ, आणि दफेच्याही आधी एका म्हाताऱ्या बाईचा खाकरण्याचा आवाज आणि तीन शब्द: "हां, बोल बेटी." मग बाईंचं गाणं.

"अगं बाई, किती गोड! कोण हो ही?" मी विचारलं.

चाऊसबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. "कुणी नाही," त्या म्हणाल्या, आणि सुई उचलून त्यांनी गाणं थांबवलं.

एवढ्यावर एखादी शहाणी गप्प बसली असती. मी बाजारातल्या दुकानातून माझी म्हणून एक तबकडी घेऊन आले.

ते बहात्तरचं साल. दुष्काळाचं आता निराळं काय सांगायचं! आमच्या कर्जतकडची निम्मी माणसं खडी फोडत होती. शाळेनं दुष्काळनिधीसाठी आनंदमेळा भरवला आणि त्याची व्यवस्था माझ्या गळ्यात पडली. सखारामनं विचारलं, "बाई, कर्णा कुटं बांधू? मागल्या लिंबाला बांधला तर आवाज पार गल्लीभर जाईल बगा." मी म्हटलं, "बांध. लोक यायला नकोत का?" चाऊसबाई त्या दिवशी मुलींना घेऊन प्रभातफेरीला गेल्या होत्या. त्या परत आल्या की त्यांना चकित करायचं, आपल्या बाईंची तबकडी साऱ्या नगरला ऐकवायची, असं माझ्या मनात होतं. अभिमानानं छाती फुगली होती माझी. मी माझ्या हातानं सुई ठेवली, आणि चौथं गाणं सगळ्यांत गोड म्हणून तेच दोनदा वाजवलं.

फेरी फाटकातून आत आली तेव्हा ते दुसऱ्यांदा चाललं होतं. बाई धावत आल्या आणि त्यांनी ग्रामोफोनची वायरच ओढली. मग तिथंच मातीत बसल्या. तेव्हा मला सगळं कळलं. मुंबईत कुणालाच तो ठेका पकडता येईना. मोजायला गेलं की निसटायचा. मिनेझिसनी टेप ऐकली आणि म्हणाले, हीच दफ घालू. बाई म्हणाल्या, फक्त दफ. फुफीच्या गाण्यातले अरबी शब्द तर बाईंनी आधीच काढून टाकले होते. चाल फुफीची आणि शब्द आईचे. "शब्द नाहीत, आवाज नाही, मग अट मोडली कुठं, असं मी मलाच समजावलं गो," त्या म्हणाल्या. दफेला चिकटून ते तीन शब्द आले, ते कुणी कापले नाहीत. त्यांनाही ते तबकडी आल्यावरच कळलं. तेव्हापासून त्या फुफीला सांगायचं धाडस गोळा करत होत्या, आणि मी ते काम एका सकाळीत उरकलं होतं.

"माझीच चूक," मी म्हणाले. आयुष्यात हे वाक्य मी फार वेळा उच्चारलेलं नाही.

"वाजवलीस तू. भरली मी," त्या म्हणाल्या.

दुपारी आम्ही दोघी फुफीकडे गेलो. गल्लीत शिरताना बाईंनी डोक्यावर पदर घेतला. फुफी ओट्यावर लसूण सोलत बसली होती. वाळक्या अंगाची, डोळ्यांत सुरमा. तिनं मला हाताला धरून बसवलं, चहा केला, कर्जतला पाणी आहे का, म्हणून विचारपूस केली. मी आपलं सांगून टाकलं की कर्णा मी बांधला, मला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "तुम कू क्या मालूम बेटा. तुमारा क्या कसूर." मग बाई तिच्या पायाशी बसल्या आणि रडत-रडत माफी मागायला लागल्या. फुफीनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. लसणाचा हात होता, म्हणून मनगटानं फिरवला.

"तू झूठ नै बोली," ती म्हणाली. "पन तू पूछी बी नै. पूछती, तो क्या मालूम, मैं हां बी बोलती."

मला वाटलं, ती ओरडली असती तर फार बरं झालं असतं.

थोड्या वेळानं बाईंनी दबकत शेवटच्या गाण्याचं विचारलं. ईद जवळ आली होती. फुफीनं लसणाची पुढची पाकळी उचलली. "मेरी आवाज मेरे से पैले बाहर घूम के आई," ती म्हणाली. "अब गले में बैठतीच नै. वो रैने दे अब." दफ तिच्यामागं खुंटीवर टांगलेली होती. त्यानंतर तिनं ती खाली काढली नाही.

बाईंनी मिनेझिसना पत्र घातलं की ते गाणं काढून टाका. उत्तर आलं की तबकड्या छापून दुकानांत गेल्या, आता काही होणार नाही. तेव्हा त्यांनी नगरच्या दुकानातल्या होत्या तेवढ्या आणल्या, माझीही मागून घेतली, आणि शिक्षकखोलीत बसून केसांच्या पिनेनं प्रत्येकीचं चौथं गाणं तेवढं खरवडून काढलं. गाणाऱ्या बाईनं स्वतःचं गाणं असं ओरबाडताना बघणं फार वाईट. मी शेजारी बसून एकही विनोद केला नाही.

आठवड्याभरानं शाळेच्या फाटकाशी एक म्हातारा येऊन उभा राहिला. पांढरी दाढी, कमरेला रुंद पट्टा. फुफीच्याच गल्लीतला, पूर्वी बाईंच्या वडिलांबरोबर खजिन्यावर पहारा केलेला. सखाराम आत येऊन म्हणाला, "बाई, त्यो म्हातारा म्हनतो, त्ये गानं पुन्यांदा लावा. नुसतं उबं ऱ्हाऊन ऐकतो म्हनतो." आम्ही दोघी फाटकापाशी गेलो. म्हाताऱ्यानं नजर खाली ठेवूनच बोलायला सुरुवात केली. त्याची आई याच चालीचं गाणं म्हणायची. आठ वर्षांचा झाल्यावर त्याला बायकांच्या खोलीतून बाहेर काढलं, त्यानंतर ते त्यानं परत कधी ऐकलं नव्हतं. मेळ्याच्या सकाळी ओट्यावर बसला असताना कानावर पडलं. "साठ साल के बाद, बेटी," तो म्हणाला आणि गळ्यातल्या रुमालानं डोळे पुसायला लागला.

चाऊसबाई फाटकाच्या आत उभ्या होत्या, तो बाहेर. तबकडी नव्हती, पण गळा होता. दोन ओळी त्यांना तिथं सहज म्हणता आल्या असत्या. फाटकाचा गज त्यांनी घट्ट धरून ठेवला होता. "चाचा, रेकॉर्ड खराब झाली," त्या शेवटी म्हणाल्या. म्हाताऱ्यानं मान डोलावली, बाईंना दुवा दिली आणि तो गेला. खरं-खोटं, बरोबर-चूक मुलींना मी फळ्यावर धडाधड लिहून देत असे. त्या दिवशी यातलं बरोबर कोण ते मला ठरवता आलं नाही, आणि आजही येत नाही.

बाई रोज शाळा सुटली की फुफीकडे जात. फुफी त्यांना जेवायला घाली, केसांना तेल लावी, गल्लीभरच्या गोष्टी सांगी. माया तसूभर कमी झाली नव्हती. गाणं तेवढं नव्हतं. पुढच्या थंडीत ती आजारी पडली. बाईंनी आठ दिवस रजा काढली. शेवटचे दोन दिवस फुफीचे ओठ सारखे हलत होते. बाई तोंडाशी कान नेऊन बसून राहिल्या. नंतर मला म्हणाल्या, "कलमा म्हणत होती गो. दुसरं काही नाही." आणि स्वतःचीच लाज वाटल्यासारख्या म्हणाल्या, "मरणाऱ्या माणसाच्या उशाशी मी कशासाठी कान लावून बसले होते बघ."

त्यानंतर माझी संस्थेच्या कर्जतच्या शाळेत बदली झाली. निघायच्या आठवड्यात फुफीच्या पुतण्याच्या मुलीचं, शमीमचं लग्न होतं आणि मला आमंत्रण होतं. बाईंना मी शेवटचं पाहिलं ते तिथं.

दुपारची वेळ. बायकांची खोली गच्च भरलेली. एका आजीबाईनं दारातल्या दोन पोरांच्या पाठीत धपाटे घालून त्यांना बाहेर हाकललं. मग फुफीची दफ बाईंच्या हातात दिली. दुसरं कुणी वाजवणारं उरलंच नव्हतं. बाईंनी सुरुवात केली ती डोळे मिटून. हळदीचं झालं, मेंदीचं झालं. तो लंगडा ठेका मला आता ओळखू येत होता. बायका डोलत होत्या, म्हाताऱ्या रडत होत्या, आणि मला वाटलं, चला, निभावलं. वेणीचंही झालं. तेव्हा शमीमची आई पुढे सरकून हळूच म्हणाली, "आपा, अब निकलने का."

बाईंनी दफ मांडीवर पालथी ठेवली. "वो मेरे पास नै है," त्या म्हणाल्या.

 मला वाटलं, नसेल तर नसेल, आता उठतील. पण कुणी हलेना. माझ्या शेजारच्या बाईनं मला कानात सांगितलं की ते गाणं संपेस्तोवर नवरी उठत नाही. गाणं संपलं की तिनं उठायचं, अशीच रीत आहे. शमीम खाली मान घालून बसली होती. बाहेरून एकदा हाक आली, "देर हो री!" मग दुसऱ्यांदा आली. तिची आई उठ म्हणेना, आजीबाई म्हणेना. गाणंच नव्हतं, तर ते संपलं असं कुणी सांगायचं? ते किती लांब होतं, हेही त्या खोलीत कुणाला ठाऊक नव्हतं.

 मग चाऊसबाईंनीच दफ बाजूला ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठल्या, शमीमचे दोन्ही हात धरले आणि तिला उभी केली. पोरीनं वर पाहिलं. बाईंनी मान हलवली आणि तिला दारापर्यंत चालवत नेलं. पैंजणांखेरीज कसलाही आवाज नव्हता. मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्यासमोरून जाताना बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला त्यांच्याकडे बघवलं नाही.